खुकरीचे कॅप्टन मुल्ला : त्या दोन-तीन मिनिटांपलीकडचे

भरतीओहोटी

४ डिसेंबरला नौदल दिन आला की फोनवर तेच चित्र फिरायला लागतं. १९७१ च्या युद्धात बुडणारी 'खुकरी' ही फ्रिगेट (मधल्या आकाराची युद्धनौका), ब्रिजवरची (जहाज चालवायच्या वरच्या कक्षातली) खुर्ची, खुर्चीत शांत बसलेला कॅप्टन, हातात सिगारेट, आणि खाली 'शेअर करा' असं फर्मान. चित्राबद्दल माझी तक्रार नाही. पण पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली शेवटची दोन-तीन मिनिटंच आपण दरवर्षी उगाळायची का, एवढंच विचारायचंय. म्हणून हा धागा.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. जन्म १५ मे १९२६, गोरखपूर. घराणं काश्मिरी पंडितांचं, उत्तर प्रदेशात स्थिरावलेलं आणि वकिलीत मुरलेलं. ('मुल्ला' आडनावावरून ते मुस्लिम होते का, असा जो प्रश्न दरवर्षी येतो, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतोय.) घरच्या रिवाजाप्रमाणे काळा कोट अंगावर चढायचा, तो चढला नाही. जानेवारी १९४६ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्हीत कॅडेट म्हणून दाखल झाले. ही तारीख जरा बघा. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या किनाऱ्यावरच्या नौदल तळावर खलाशांनी उठाव केला. निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या, या दोन गोष्टींवरून ठिणगी पडली आणि पाहता पाहता मुंबई, कराचीपर्यंतची जहाजं पेटली. अधिकारी आणि खलाशी यांच्यात केवढी दरी पडू शकते, हे दाखवणारा तो महिना. हा मुलगा नेमका त्या सुमारास गणवेश घालत होता.

१ मे १९४८ ला त्यांना कमिशन मिळालं. पुढे 'कृष्णा' जहाजाचं नेतृत्व, लंडनला डेप्युटी नेव्हल अ‍ॅडव्हायझर, आणि मग आपल्या मुंबईत 'आयएनएस आंग्रे'. लायन गेटच्या आतला किनाऱ्यावरचा तो तळ, कान्होजींच्या नावाचा. तिथून फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी 'खुकरी'चा ताबा घेतला.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक वेगळीच गोष्ट. वकिली घराण्यातला पिंड काही सुटला नव्हता. नौदलाच्या कायद्यात मुल्ला वाकबगार मानले जात, आणि कोर्ट मार्शलमध्ये आरोपीच्या बचावासाठी त्यांना मागणी असे. ज्यांनी लष्करी शिस्तीचं जग जवळून पाहिलंय त्यांना कळेल, की वर चढत जाणाऱ्या अधिकाऱ्यासाठी हे फार सोयीचं काम नाही. समोर आपलेच वरिष्ठ बसलेले असतात, आणि आपण उभे असतो आरोपीच्या बाजूने.

घरी पत्नी सुधा आणि दोन मुली. त्यांच्यापैकी अमीता मुल्ला वट्टल पुढे दिल्लीच्या स्प्रिंगडेल्स शाळेच्या प्राचार्या म्हणून नावारूपाला आल्या. शिक्षणक्षेत्रातल्यांना हे नाव माहीत असेल.

आता ती रात्र, थोडक्यात. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. पाकिस्तानची 'हंगोर' ही पाणबुडी पश्चिम किनाऱ्यावर वावरतेय, हे तिच्या रेडिओ संदेशांवरून आपल्याला कळलं. तिला शोधून संपवायला १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनची 'खुकरी' आणि 'किरपाण' ही दोन जहाजं ८ डिसेंबरला मुंबईहून निघाली. तिसरी, 'कुठार', यंत्रांतल्या बिघाडामुळे आधीच बाजूला पडली होती. ९ डिसेंबरला रात्री नऊच्या आतबाहेर, दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर, हंगोरच्या टॉर्पेडोने खुकरीचा वेध घेतला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण. वाचले ६७.

कॅप्टन मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र.

मला तुमच्याकडून ऐकायचंय ते हे, की हा माणूस थांबला का? ज्यांचे आईवडील, नवरे, मुलं नौदलात होती किंवा आहेत, त्यांनी खास लिहावं.

मावळतीचा_वारा

छान लिहिलंय. सिगारेटवाली गोष्ट मग खोटी का?

बखरकर

खोटी म्हणायला माझ्याकडे आधार नाही. एवढंच सांगतो, की महावीर चक्राच्या मानपत्रात ना खुर्ची आहे ना सिगारेट. त्यात जे आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आशय असा: जहाज सोडायचा निर्णय झाल्यावर कॅप्टनने आपल्या माणसांच्या सुटकेची व्यवस्था थंड डोक्याने लावली. स्वतःचं लाइफजॅकेट एका नौसैनिकाला दिलं. जितके बाहेर काढता आले तितके काढले, आणि आणखी काय करता येईल ते बघायला ते ब्रिजवर परत गेले. जहाजाबरोबर जाताना शेवटचे दिसले ते तिथे.

'परत गेले' हे दोन शब्द बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॅप्टन बसून राहतो. मानपत्रातला कॅप्टन काम करत राहतो. दोन्ही माणसं शूरच म्हणा, पण एकसारखी नव्हेत.

ब्रिजवरून वाचलेल्यांमध्ये लेफ्टनंट कमांडर मनू शर्मा आणि लेफ्टनंट कुंदनमल हे दोघे होते. कॅप्टननी त्यांना अक्षरशः ढकलून पाण्यात घातलं, असं सांगितलं जातं. खुर्चीचं वर्णनही वाचलेल्यांकडूनच आलंय, त्यामुळे ते उडवून लावता येत नाही. मिनिटाभरात माणूस दोन्ही करू शकतो. आधी ढकलेल, मग बसेल.

फणसाचा_गरा

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. घरी बायको, दोन मुली. जहाज तर जाणारच होतं. कॅप्टन त्याच्याबरोबर गेल्याने एकही जास्तीचा माणूस वाचला नाही. 'जहाजाबरोबर बुडणं' हा इंग्रजांचा व्हिक्टोरियन रोमँटिकपणा आहे, आणि आपण तो परंपरा म्हणून डोक्यावर घेतला. आपल्या कुठल्या नौदल नियमात कॅप्टनने बुडावं असं लिहिलंय? अनुभवी कॅप्टन जिवंत परत आला असता तर हंगोरबद्दल, सोनारबद्दल (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधायचं यंत्र), चुकांबद्दल चार गोष्टी कळल्या असत्या. मुलींना बाप मिळाला असता तो वेगळाच.

वऱ्हाडी_ठेचा

+१. हे कुणीतरी बोलायला हवंच होतं.

सोनारपट्टी

नाव गमतीने घेतलंय, पण सोनारवरच नोकरी केली म्हणून लिहितो. कॅप्टन थांबला का, याच्याआधी 'जहाज तिथे त्या वेगाने का होतं' हा प्रश्न येतो. त्याशिवाय ही चर्चा अर्धी आहे.

खुकरी, किरपाण, कुठार ही ब्रिटिश ब्लॅकवुड वर्गाची जहाजं. १९५० च्या दशकातली, लहान चणीची, खास पाणबुडीविरोधी म्हणून बांधलेली. खुकरी १९५८ ला आपल्याकडे आली. पाणबुडीवर मारा करायचा तो मॉर्टरने, म्हणजे पाण्यात बॉम्ब फेकणाऱ्या तोफेने, आणि तो मारा जवळचा. म्हणजे आधी पाणबुडी सापडली पाहिजे, आणि तीही जवळ.

तिथेच घोडं पेंड खातं. आपल्या समुद्रात वरचं पाणी उन्हाने तापलेलं असतं, खाली एकदम थंड थर. आवाजाची लहर त्या थरावर वाकते, खालीच वळते. वरून पाठवलेला सोनारचा पिंग थराखाली दडलेल्या पाणबुडीपर्यंत नीट पोचतच नाही. उत्तर अटलांटिकसाठी केलेलं सोनार अरबी समुद्रात निम्मं आंधळं होतं ते असं. उलट हंगोर फ्रेंच डाफ्ने वर्गाची, १९६९ च्या अखेरीस पाकिस्तानी नौदलात आलेली, म्हणजे अगदी नवी. बॅटरीवर चालताना जवळजवळ आवाज नाही, आणि तिचा कान फार लांबचं ऐकणारा. खुकरीला हंगोर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी हंगोरला खुकरी ऐकू येत होती. ही लढत बरोबरीची नव्हती, आणि हे त्या वेळी मुंबईतही जाणकारांना ठाऊक होतं.

आता वेग. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे तरुण अधिकारी होते. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून त्यांनी एक सुधारणा केली होती आणि ती प्रत्यक्ष समुद्रात तपासली जात होती. ती चालायची तर जहाजाने सावकाश जायला हवं, कारण वेग वाढला की स्वतःच्याच पंख्याचा आणि पाण्याचा गोंगाट सोनारमध्ये घुसतो. म्हणून साधारण १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल. पाणबुडीला हवं असतं नेमकं हेच, सावकाश चालणारं सावज. जैनही त्या रात्री गेले.

हंगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांनी आधी पेरिस्कोप वर काढून पाहिलं, पण जहाजं दिवे विझवून चालली होती, काही दिसलं नाही. मग खाली जाऊन नुसत्या सोनारच्या भरवशावर नेम धरला. पहिला टॉर्पेडो किरपाणवर. तो खालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीवर, आणि तो दारूगोळ्याच्या कोठाराजवळ फुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात जहाज बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. दुसरी घडली ती १९८२ ला फॉकलंडमध्ये, जनरल बेल्ग्रानो.

दोष कोणाचा? माझं मत विचाराल तर एकट्या ब्रिजवर शोधू नका. ज्या सोनारने ज्या पाण्यात ज्या पाणबुडीला शोधायला पाठवलं, ते गणितच तोट्याचं होतं. दुसरी साधनं हाताशी फार नव्हती आणि पाणबुडी मोकळी सोडताही येत नव्हती. मुंबई बंदराच्या तोंडावर ती बसली असती तर काय झालं असतं, याचाही विचार करा. काही बचावलेल्यांनी नंतर वेगाबद्दल, डावपेचांबद्दल कडक प्रश्न विचारले. त्यांना तो हक्क आहे, ते पाण्यात होते.

फणसाचा_गरा

धन्यवाद, हे कुठे एवढं स्पष्ट वाचलं नव्हतं. पण मग माझा मुद्दा उलट पक्काच होतो ना? हे सगळं सांगायला कॅप्टन हवा होता.

मावळतीचा_वारा

किरपाण निघून गेली म्हणतात, ते खरं का? साथीदार बुडत असताना?

बखरकर

खरं आहे, आणि त्यावरून किरपाणला नावं ठेवणाऱ्यांनी २२ सप्टेंबर १९१४ वाचावं. उत्तर समुद्रात जर्मन पाणबुडी यू-९ ने ब्रिटिश क्रूझर अबुकीर बुडवली. होग थांबली माणसं उचलायला, ती बुडाली. क्रेसी थांबली, तीही बुडाली. तासा-दीड तासात तीन जहाजं आणि चौदाशेच्या वर माणसं. तेव्हापासून जगभरच्या नौदलांचा धडा एकच: पाणबुडी खाली असताना थांबायचं नाही. किरपाणने मॉर्टरचा प्रयत्न केला, तो ऐनवेळी चालला नाही. तिच्यावरही पुन्हा टॉर्पेडो सुटला. तिने अंतर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी 'कच्छल' या दुसऱ्या जहाजाबरोबर परत येऊन पाण्यातली माणसं काढली. ती रात्र पाण्यात काढणाऱ्यांना हा धडा किती गोड लागला असेल तो भाग वेगळा.

आडगावचा_शहाणा

आमच्या आजीने 'रामदास'ची गोष्ट सांगितलेली. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. सहाशेवर माणसं गेली. अलिबाग-रेवसकडच्या किती घरांत त्या दिवशी...

संपादक

'रामदास'वर स्वतंत्र धागा आहे, तिकडे लिहावं ही विनंती. इथे खुकरी चालू द्या.

तुळशीकट्टा

फणसाचा गरा यांनी विचारलंय ते योग्यच विचारलंय, म्हणून लिहायला बसले. मी लेखिका वगैरे नाही. सासरे नौदलात स्टोकर (बॉयलरवर काम करणारे) होते, यजमान चीफ (नौसैनिकांतला वरचा हुद्दा) होऊन निवृत्त झाले. दोन पिढ्या नेव्हीचं रेशन खाल्लंय.

१९७१ ला सासूबाई कुलाब्याला क्वार्टर्समध्ये होत्या. सासरे दुसऱ्या जहाजावर. ब्लॅकआउटचं त्या सांगायच्या ते असं, की खिडक्यांना काळा कागद चिकटवायला खळ घरीच शिजवली होती, मैद्याची. आणि त्या खळीवर रात्री झुरळं यायची. लाइट नाही, वर बॉम्बची भीती, आणि बाई झुरळं मारतेय. युद्ध म्हटलं की त्यांना पहिलं हेच आठवायचं.

जहाज कुठे गेलं ते बायकोला कळत नाही. 'सेलिंगला गेलेत' एवढंच. कधी येणार विचारायचं नसतं. पगारातला ठरलेला भाग घरी येतो, त्यावरून नवऱ्याची खुशाली समजायची. युद्धात बातमी सरकारी कागदाआधी बायकांमध्ये पोचते. कुणाच्या तरी दारात कुणीतरी उभं राहिलेलं दिसतं, मग मजला गप्प होतो. सासूबाई म्हणायच्या, खुकरीचं कळलं तेव्हा दोन दिवस कुणी कुणाला नावानिशी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून.

आता कॅप्टनबद्दल. बाहेरच्यांना वाटतं कॅप्टन म्हणजे मोठा साहेब, सेलर म्हणजे खालचा. आहेच तसं. पण कॅप्टनची बायको म्हणजे त्या जहाजावरच्या सगळ्या घरांतली थोरली. कुणाचं बाळंतपण, कुणाचं पोर आजारी, कुणाचा नवरा घरी पैसे देत नाही, हे सगळं तिच्या बैठकीत येतं. जहाज बंदरात नसताना ती खरी कमांडिंग ऑफिसर. म्हणजे जहाजावरच्या अडीचशे माणसांमागे किनाऱ्यावर जी घरं असतात, ती कॅप्टनच्या घराला ओळखतात.

तुम्ही म्हणता, मुलींना बाप मिळाला असता. मिळाला असता हो. कुणाला नको असतो? पण खाली मेसडेकमध्ये, नौसैनिकांच्या राहण्या-जेवण्याच्या मजल्यावर, अडकलेल्यांनाही मुली होत्या. त्या वेळी रेडिओवर पावणेनऊच्या बातम्या लागायच्या, युद्धाच्या बातम्या ऐकायला माणसं खाली जमलेली होती, असं वाचलेल्यांनी सांगितलंय. खालून वर यायला शिडी एक, तोंड अरुंद, आणि जहाज कललेलं. ते लोक आत आहेत हे वर उभ्या असलेल्या माणसाला माहीत आहे. तो कुणालातरी जॅकेट देतो, कुणालातरी ढकलतो, आणि परत आणखी कोण येतंय का बघायला वळतो. यात मला रोमँटिक काही दिसत नाही. घरातला कर्ता माणूस आग लागल्यावर जे करतो तेच आहे हे. तो सगळ्यांत शेवटी निघतो, आणि कधी कधी निघायचं राहून जातं.

'घरावर प्रेम होतं तर थांबला का' असं विचारायचं असेल तर जरूर विचारा. मला एवढंच दिसतं, की ज्याला आपल्या पोरांचं मोल कळलेलं असतं त्याला दुसऱ्याच्या पोरांचंही कळतं. आमचे हे तर म्हणतात, तिथे विचार करायला वेळच नसतो, जसा माणूस असतो तसे हातपाय चालतात.

फणसाचा_गरा

ताई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. 'निघायचं राहून जातं' हे मला पटतंय. मला आक्षेप आहे तो 'बुडायचं ठरवून बसला' या चित्रावर, आणि ते चित्र शाळेत मुलांना दाखवण्यावर. मानपत्रातलं जे बखरकरांनी दिलंय ते दाखवा, माझी काही हरकत नाही.

भरतीओहोटी

याच कारणासाठी धागा काढला होता. ती कोर्ट मार्शलची गोष्ट मला पुन्हा इथे जोडावीशी वाटते. ज्या माणसाने वर्षानुवर्षं 'याची बाजू कोण मांडणार' असा प्रश्न पडलेल्यांची बाजू घेतली, तो खाली अडकलेल्यांकडे पाठ फिरवून निघाला असता तर तेच मला विचित्र वाटलं असतं. एका रात्रीत कुणी असा होत नाही.

तुळशीकट्टा ताई, थोरलीचा मुद्दा वाचून एक गोष्ट आठवली. पुढे माझगाव डॉकने नवी 'खुकरी' बांधली, क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका. २३ ऑगस्ट १९८९ ला मुंबईत ती नौदलात दाखल झाली तेव्हा संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत सुधा मुल्ला होत्या. ज्या जहाजाने नवरा नेला त्याच नावाचं नवं जहाज अठरा वर्षांनी समुद्रात उतरवायचं, तेही त्याच मुंबई बंदरात. यावर कुणी चित्र काढून फॉरवर्ड करत नाही.

तुळशीकट्टा

हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना सांगायला हवं होतं, त्या असत्या तर चार प्रश्न विचारले असते.

वऱ्हाडी_ठेचा

हंगोरचं पुढे काय झालं? सापडली का?

सोनारपट्टी

नाही. चार दिवस जहाजं आणि विमानं लावून शोध घेतला, ती निसटून कराचीला पोचली. तस्नीम यांना सितारा-ए-जुरत हा पाकिस्तानचा शौर्य पुरस्कार मिळाला, आणि हंगोर आज कराचीच्या नौदल संग्रहालयात ठेवलेली आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो: युद्ध सुरू व्हायच्या आदल्या एक-दोन दिवसांत आपला ताफा हंगोरच्या जवळून गेला होता, पण युद्ध पुकारलेलं नसल्याने हंगोरला हल्ला करायची परवानगी नव्हती. नशिबाचा काटा कुठे किती झुकला याचा हिशेब कुणी मांडू नये हे बरं.

आणि खुकरी गेली म्हणून तेवढंच लक्षात राहतं, पण त्याच आठवड्यात आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर दोनदा हल्ले केले, ४ डिसेंबरला आणि पुन्हा ८ च्या रात्री. नौदल दिन ४ ला असतो तो त्यामुळेच. म्हणजे खुकरी मुंबईहून निघाली त्याच रात्री तिकडे कराचीचे तेलसाठे पेटत होते.

मावळतीचा_वारा

कुलाब्याला नेव्ही नगरमध्ये 'कॅप्टन मुल्ला ऑडिटोरियम' आहे, तिथे लहानपणी मित्राबरोबर सिनेमे पाहिलेत. नाव कुणाचं हे तेव्हा कधी विचारलं नाही.

खाडीपलीकडे

दीवला जाऊन आलोय, म्हणून थोडं उपयोगाचं. समुद्राच्या बाजूला टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती. १५ डिसेंबर १९९९ ला व्हाइस अ‍ॅडमिरल माधवेंद्र सिंग यांनी उद्घाटन केलेलं. बहुतेक पर्यटक समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि पाच मिनिटांत निघतात, कारण गाडीवाला पुढच्या पॉइंटसाठी हॉर्न मारत असतो. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आता तिथे दुसरी खुकरीही आहे. वर भरतीओहोटींनी लिहिलेली १९८९ ची कॉर्व्हेट २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये दीवला देऊन टाकली, संग्रहालय म्हणून. मुलांना घेऊन जात असाल तर हीच आधी दाखवा. शिड्या किती उभ्या असतात आणि दारं किती अरुंद, हे मुलांना चढून-उतरूनच कळतं. तुळशीकट्टा ताईंनी 'शिडी एक, तोंड अरुंद' लिहिलंय ते आत गेल्यावर मोठ्यांनाही कळेल. हे जहाज पहिल्या खुकरीपेक्षा नवं आहे, तरीसुद्धा.

मुंबईहून रेल्वेने वेरावळपर्यंत जा, पुढे रस्त्याने. डिसेंबरात हवा छान असते, पण नाताळच्या आठवड्यात दीवला खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर ऐकून परत फिराल.

आडगावचा_शहाणा

१९४ जणांत महाराष्ट्रातले, कोकणातले किती होते, कुणाला माहीत आहे का? कॅप्टनबद्दल एवढं लिहिलं जातं, पण स्टोकर, कुक, स्टुअर्ड यांच्याबद्दल एक ओळ नाही. आमच्या भागात प्रत्येक चार घरांआड एक नेव्हीवाला असायचा.

भरतीओहोटी

अगदी. खरं तर हा धागा तिकडेच न्यायला हवा. खाडीपलीकडे, तुमच्याकडे तिथले नावांच्या फलकाचे फोटो असतील तर टाका, पूर्ण फलक दिसेल असे. आडनावांवरून अंदाज बांधू नका कुणी, गावाची खातरजमा करूनच लिहा. आणि ज्यांच्या घरचं माणूस आहे त्यांनी स्वतःहून लिहिलं तरच नाव इथे घ्यायचं, एवढं पथ्य पाळू.

खाडीपलीकडे

फोटो आहेत, पण काचेवर उजेड पडून अर्धे धूसर आलेत. या डिसेंबरात मेहुण्याचं कुटुंब जातंय, त्यांना सकाळी लवकर जाऊन काढायला सांगतो. आले की इथेच टाकतो.

तुळशीकट्टा

टाका. आमच्या ह्यांच्या बॅचच्या ग्रुपवर फिरवते, जुने चीफ लोक अजून बरेच आहेत. त्यांना नावापेक्षा ऑफिशियल नंबर पटकन आठवतो, तो फलकावर असेल तर तोही यायला हवा फोटोत.